आतून नऊ, बाहेरून अठरा

जळगावच्या एमआयडीसीत नोकरीला लागलो तेव्हा वाटलं होतं, बॉयलरची चिमणी म्हणजे काय? बॉयलर केवढा, तासाला तेल किती जाळतो हे विचारायचं, त्यावरून पाइपची रुंदी आणि उंची काढायची, झालं! पण माप निघतं दहा मिनिटांत. ते गिऱ्हाइकाच्या गळी उतरवायला लागतो महिना, आणि त्या महिन्यात एक तरी किस्सा घडतोच. माझ्याकडे आता मापांच्या वह्या कमी आणि किस्से जास्त झालेत.

आमचे मालक नाना. मूळचे साक्रीकडचे. साठी ओलांडली तरी अजून स्वतः शिडी चढतात. गिऱ्हाइकाशी मी पुस्तकी मराठीत बोलतो. ते पटलं नाही की नाना अहिराणीत बोलतात. मग पटतं!

* * *

वर्कशॉपबाहेर बोर्ड आहे, 'चिमणीची सर्व कामे केली जातील'. एकदा पिंप्राळ्याहून एका ताईंचा फोन आला.

"चिमणी बसवायची आहे. केवढी लागेल?"

मी वही उघडली. "लोड किती आहे, ताई?"

"घरात सहा माणसं. दिवाळीत नणंदा येतात, तेव्हा अकरा."

मला वाटलं, आंघोळीच्या पाण्याचा बॉयलर असेल. म्हटलं, "बरं, तेल कोणतं? डिझेल की फर्नेस ऑइल?"

ताई घाबरून म्हणाल्या, "अहो, आम्ही फोडणीला शेंगदाणा तेल वापरतो!"

* * *

असोद्याला एक भाऊ आहेत. केळीच्या वेफर्सचा कारखाना टाकला, बॉयलर सेकंडहँड आणला. किती क्षमतेचा, ते त्यांनाही माहीत नाही. मी फोनवर सांगितलं, "भाऊ, नेमप्लेटचा फोटो पाठवा."

फोटो आला. घराच्या दाराची नेमप्लेट! भाऊंचं नाव, खाली बी.ए., त्याखाली 'माजी उपसरपंच'.

"भाऊ, तुमची नाही, बॉयलरची!"

दुसरा फोटो आला. बॉयलरच्या प्लेटवर मूठभर हळदकुंकू, त्यावर झेंडूचा हार. एक आकडा दिसेल तर शपथ!

"जरा पुसून पाठवा की."

"साहेब, कालच दसऱ्याची पूजा झाली. घरचे पुसू देणार नाहीत."

शेवटी मी मोटरसायकलवर असोद्याला गेलो. अक्कांनी, म्हणजे भाऊंच्या आईंनी, मला आधी हातपाय धुवायला लावले, नारळ फोडायला लावला, आणि मग फडकं हातात दिलं. हळूच पुसलं. प्लेट कोरी होती! बॉयलर बनवणाऱ्यांनी आकडे ठोकलेच नव्हते.

अक्का म्हणाल्या, "बघा, उगाच देवाला हात लावला."

* * *

धुळ्याचे एक ऑइल मिलवाले शेठ. मी हिशेब केला, चिमणी नऊ इंची. शेठ उसळले, "शेजाऱ्याची बारा इंची आहे. मला अठरा पाहिजे!"

मी समजावलं, पाइप गरजेपेक्षा रुंद झाला की धूर रेंगाळत वर जातो, वाटेतच थंड होतो आणि काळं पाणी होऊन खाली टपकतो.

"काहीतरीच! रस्ता मोठा असला की माणूस लवकर पोहोचतो."

नाना म्हणाले, "शेठ, मानूस पोचस. धूर चहा पेवाले थांबस!"

शेवटी तोडगा निघाला. आत नऊ इंची पाइप, भोवती गरम राहायला लोकरीसारखं जाड अस्तर, आणि बाहेरून अठरा इंची चकचकीत पत्रा. धूर खूश, शेठ खूश.

आठवड्याने शेजारी आला. "शेठने अठरा इंची बसवली म्हणे. मला चोवीस पाहिजे."

नानांनी चष्मा पुसला. "आतून का बाहेरून?"

* * *

पिंपळनेरला एका लॉजवाल्याने वास्तुतज्ज्ञाला विचारून चिमणीचा पाइप फिरवून नेला. देवघराखालून नको, तिजोरीवरून नको, असं करत करत पाच वळणं! बॉयलर पेटवला तर धूर वर जाईना, आमच्याच अंगावर आला.

लॉजवाला म्हणाला, "तुमचं मशीन खराब आहे."

नानांनी त्याला पाइपच्या खालून खालून चालत गच्चीपर्यंत जायला सांगितलं. स्वयंपाकघर, कोठी, व्हरांडा, मागचा जिना. माणूस वर पोहोचला तो धापा टाकत.

खालून नाना ओरडले, "तुमले ते पाय शेतस. धूरले ते बी नहीत!"

* * *

आणि धुळ्याजवळचं ते मंगल कार्यालय. मालक आप्पा. त्यांच्याच मुलीचं, मयूरीचं, लग्न. आंघोळीच्या पाण्याला डिझेलचा नवा बॉयलर, चिमणी छतापेक्षा तीन फूट उंच. सगळं माझ्या मापाने. आदल्या दिवशी दुपारी आम्ही बॉयलर सुरू करायला गेलो, तर छतावरची चिमणी गायब! फोटोग्राफर म्हणाला होता, ड्रोनच्या शॉटमध्ये वाईट दिसते. आप्पांनी वरचा दहा फूट तुकडा कापून टाकला होता. आता तोंड उघडत होतं ते बरोबर नवरीच्या खोलीच्या खिडकीखाली.

आप्पांच्या आग्रहाने दोन मिनिटं पेटवला आणि वरून खोकल्याचा आवाज आला. नानांनी बर्नर बंद केला, पॅनेलचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि खुर्ची ओढून दारातच बसले.

आप्पा लालबुंद. "नाना, पहाटे वऱ्हाड येतंय! गरम पाणी नसलं तर व्याही काय म्हणतील?"

"व्याही म्हनतीन ते म्हनू द्या. पोरगी खोकी राहिनी, ते ऐकू येस का तुमले?"

"खिडकी लावून घेऊ."

मला राहवलं नाही. "आप्पा, धुरातल्या विषारी वायूने झोपेत माणूस जातो. कळतही नाही."

तेवढ्यात मयूरीच खाली आली. दोन्ही हातांवर ओली मेंदी, डोळे लाल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फोटोग्राफरकडे वळली.

"दादा, चिमणी फोटोत आली तर येऊ द्या. मी खोकताना आले तर ते जास्त वाईट दिसेल!"

संध्याकाळच्या आत तुकडा परत चढला. पहाटे वऱ्हाडाला कढत पाणी मिळालं. व्याही तर दोनदा आंघोळ करून आले.

लग्न लागलं, आणि मयूरीने हट्टच धरला की जोडप्याचा एक फोटो चिमणीसमोर काढायचा, नानांना मध्ये घेऊन. नानांनी टोपी नीट केली, छाती काढून ऐटीत उभे राहिले.

फोटोग्राफर कॅमेऱ्यातून बघत ओरडला, "नाना, जरा बाजूला सरका! चिमणी झाकली जातेय!"