आत्याचा खोकला आणि माझा स्टुडिओ

आमच्या लेकीचं, पल्लवीचं लग्न दोनदा लागलं. नवरा तोच, मांडव तोच, दिवसही तोच. यात कुणाचाच दोष नाही. म्हणजे माझा सोडून.

आमच्या भावकीत अक्षता पडतात त्या सुंदराआत्याच्या आवाजात. मंगलाष्टकं ती स्वतः जुळवते आणि त्यात दोन्हीकडचे मामा, काका, दाजी नावानिशी गुंफते. ज्याचं नाव राहिलं तो जेवत नाही! (आमच्याकडं रुसायला एवढंही कारण लागत नाही, ही गोष्ट वेगळी.) पण पल्लवीच्या लग्नाच्या तोंडावर आत्याच्या घशाचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी गाणं बंद केलं, बोलणंही कुजबुजीवर आणलं. म्हणून ऑपरेशनच्या आधीच तिनं माझ्या बायकोच्या, शोभाच्या मोबाईलवर सगळं गाऊन ठेवलं.

"पल्लवीला मी न्हाऊ-माखू घातलंय," आत्या म्हणाली. "तिच्या डोक्यावर माझ्याच आवाजात अक्षता पडल्या पायजेत. बाकी मला काई नको."

रेकॉर्डिंग झकास झालं. फक्त शेवटच्या 'शुभमंगल सावधान'च्या अगदी तोंडाशी आत्याला दणदणीत खोकला आला होता.

शोभा अंगणवाडी सेविका. लेकरांच्या गॅदरिंगची गाणी ती एका छोट्या ऑडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरवर कापते. ती म्हणाली, "द्या इकडं. फाईल उघडायची, खोकला कापायचा, सेव्ह करायचं. भाजी शिजेस्तोवर होतंय."

पण वसमतला झेरॉक्सचं दुकान माझं, कॉम्प्युटर माझा, पोरगी माझी! मी म्हणालो, "तुझं ते म्हंजे निस्ती कात्री हाय. आपुन आख्खा रेकॉर्डिंग स्टुडिओच कॉम्प्युटरात घालू."

"खुरप्याच्या कामाला जेसीबी काहून आणून राहिलात?"

"तुला त्यातलं काय कळतं!" (लग्न झालेल्या माणसानं हे वाक्य मनात म्हणावं. मी मोठ्यानं म्हणालो.)

स्टुडिओचं ते सॉफ्टवेअर उघडलं आणि बटणं बघूनच मला घाम फुटला. यात प्रत्येक आवाजाला वेगळी ओळ. एका ओळीत आत्या, दुसरीत सनई, तिसरीत तबला. वर मी आत्याच्या आवाजाला देवळातल्यासारखा घुमारा दिला आणि कौतुकानं तिला ऐकवला.

आत्या कुजबुजली, "ही कोण बाई गाऊन राहिली?"

"आत्या, तूच की!"

"मी हिरीत कवा पडले?"

आता राहिला खोकला. तो मी उचलून वेगळ्या ओळीत ठेवला. आणि तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा ऐकता यावा म्हणून खोकल्याच्या आधी एक आणि 'सावधान'च्या नंतर एक अशा दोन खुणा लावल्या. आठवडाभर दुकानात तेवढंच चालू! खॉक्, खॉक्, सावधान. खॉक्, खॉक्, सावधान. सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेला माणूस म्हणाला, "मालक, अडुळशाचा काढा घ्या."

हळदीच्या गडबडीत मी एकदाची फाईल काढली आणि पेनड्राइव्ह साउंडवाल्याच्या हातात दिला.

"अवो, एकदा ऐका तरी!" शोभा.

"एवढं मोठं सॉफ्टवेअर चुकतं व्हय?"

सॉफ्टवेअर चुकलं नाहीच. दोन खुणा लावल्या असतील तर ते फक्त त्यांच्या मधलाच तुकडा फाईलमध्ये काढत होतं, हे मला कुठं माहीत! आणि खोकल्याची ओळ मी बंद करायचीच विसरलो होतो.

लग्न शिरड शहापूरला. अंतरपाट धरला, गुरुजींनी मान हलवली, मी साउंडवाल्याला ऐटीत अंगठा दाखवला. आणि चार मोठ्या स्पीकरांतून घुमाऱ्यासकट आवाज आला, "खॉऽऽक्! खॉऽऽक्! शुभमंगल साऽवधाऽन!"

बस्स! सवयीनं सगळ्या मांडवानं मुठीतल्या अक्षता उधळल्या. बँडवाल्यांनी ढोल बडवला. अंतरपाट सुटला, आणि नवरदेवानं दचकून पल्लवीच्या गळ्यात हार टाकला. अर्धा मांडव उठून पंगतीकडं पळाला.

"पाव्हणं," व्याही म्हणाले, "लागलं का काय?"

"लागलं... वाटतं."

"अन् आमच्या थोरल्या दाजींचं नाव?"

थोरले दाजी तोवर पायात चपला घालून वारंगा फाट्याकडं गाडी कधी आहे ते विचारत होते!

मी आत्याकडं वळलो. तिचे डोळे भरले होते. तिनं खूण केली, मी कान खाली नेला. "मेल्या," ती कुजबुजली, "माझा निस्ता खोकलाच ठेवलास व्हय रे?" धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं मला. हौस माझी, आणि रडायची पाळी तिच्यावर!

शोभा मात्र पदर खोचून उभी राहिली. "गुरुजी, मुहूर्त टळला का?"

"अजून न्हाई."

"मग धरा अंतरपाट!" तिनं मोबाईल काढला. आत्याचं मूळ रेकॉर्डिंग त्यात होतंच.

हार उतरवले. पंगतीतली माणसं ओढून आणली. एक मामा बुंदीच्या ताटासकट आले. अक्षता सगळ्या पायदळी गेलेल्या, म्हणून आचाऱ्याकडून पुलावाचा तांदूळ आणला आणि हळदकुंकू लावून वाटला. शोभानं मोबाईल माइकला लावला आणि आत्याचा साधा, मोकळा आवाज मांडवभर झाला. ना सनई, ना तबला. एकेक नाव येत गेलं. दाजींचं नाव आलं तसे ते चपला काढून पुढं येऊन बसले. आत्या नुसते ओठ हलवत होती, आणि मला समोरचं काही दिसेना.

शेवटची ओळ आली. "खॉक्! खॉक्!"

आणि सगळ्या मांडवानं खोकल्यावरच अक्षता टाकल्या! 'सावधान' कुणी ऐकलंसुद्धा नाही.

"अगं, खोकला काहून न्हाई कापलास?" मी शोभाला विचारलं.

"मला त्यातलं काय कळतं!" ती म्हणाली.

आत्याचा घसा आता ठणठणीत आहे. ती पुन्हा स्वतः गाते. पण आमच्या भावकीला खोकल्याशिवाय अक्षता टाकायचं सुचतच नाही. परवा पुतण्याच्या लग्नाचं आवतण आलं. "काका, माइकजवळ बसा, अन् शेवटच्या ओळीला खोका."

साउंडच्या धंद्यात मला मिळालेलं हे पहिलंच काम.