ऐका आणि करा

लहान मुलांना इंग्रजी कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण आम्हाला तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात मिळालं. चाळिशी ओलांडलेल्या आम्ही बायका आणि टक्कल पडलेले गुरुजी गोल करून उभे, मधे एक उत्साही तरुण, आणि आम्ही सगळे माशाचं गाणं म्हणत दोन्ही हातांनी कल्ले हलवतोय. जेवणात जिलेबी होती म्हणून कुणी कुरकुर केली नाही. मी केली. माझा स्वभावच तसा आहे, नवीन काही सांगितलं की मी आधी नाक मुरडते आणि मग घरी जाऊन गुपचूप करून बघते.

तो तरुण म्हणाला, फळ्यावर लिहू नका, भाषांतर करू नका. मूल आधी ऐकतं, मग अंगाने करतं, बोलतं सगळ्यात शेवटी. तुम्ही फक्त सोप्या सूचना द्या, स्वतः करून दाखवा आणि मुलांना करू द्या. या उपक्रमाचं नाव होतं ‘ऐका आणि करा’. शिवाय मोज्यांच्या बाहुल्या करा, चित्रकार्डं करा. मी मागच्या रांगेतून म्हटलं की माझ्या शाळेत एकाही पोराच्या पायात मोजे नसतात. सगळे हसले. मग मी माझ्या नवऱ्याचे मोजे नेले. ती बाहुली पोरांना फार आवडली, पण तिला वास येतो अशी तक्रार वर्षभर चालू होती.

माझी शाळा एका वाडीत आहे. मळवलीला उतरायचं, भाजे मागे टाकायचं आणि डोंगराकडे चढत जायचं. पहिली ते चौथी, दोन खोल्या, मी आणि मुख्याध्यापक. मी राहते बेगडेवाडीला, येऊन-जाऊन करते. वाडीतली माणसं थोडी नाचणी, थोडा भात करतात आणि उरलेलं वर्ष मजुरीवर जातात. मजुरी म्हणजे आता शेतातली कमी आणि बंगल्यांवरची जास्त. लोणावळ्यापासून आमच्या पायथ्यापर्यंत मुंबई-पुण्याच्या लोकांचे बंगले झालेत. तिथलं गवत कापणं, पोहण्याचा हौद धुणं, शनिवारी पाहुणे यायच्या आत पाला झाडणं, यावर वाडीतल्या बऱ्याच चुली पेटतात.

चित्रकार्डं मी जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे काढली. प्रशिक्षणात दिलेल्या यादीत बर्फाचं घर होतं आणि शिडाची बोट होती. मी ती वगळली आणि खेकडा, कोयता, पावसात डोक्यावरून घ्यायचं इरलं अशी घातली. इरल्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आजही ठाऊक नाही. पोरांनी विचारलं तेव्हा मी दटावून पुढचं कार्ड काढलं.

आणि खरं सांगते, तो उपक्रम चालला. ‘स्टँड अप’ म्हटलं की वर्ग उभा. ‘टच द वॉल’ म्हटलं की सगळी फौज भिंतीवर. ‘ओपन द डोअर’, ‘ब्रिंग द वॉटर’, ‘कीप क्वाएट’. ज्या पोरांच्या तोंडून मराठीही धड निघत नव्हतं ती पोरं इंग्रजी ऐकून पळायला लागली. मला अंगात आल्यासारखं झालं होतं. जाताना स्टेशनवरही मी मनात नव्या सूचना जुळवत बसायची.

या सगळ्यांत एक मुलगी होती. मी आले तेव्हा ती दुसरीत होती आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची. बोलायची नाही, फळ्याकडे बघायची नाही. ‘ऐका आणि करा’ सुरू केलं आणि पहिल्याच आठवड्यात ती सगळ्यांच्या पुढे. पळण्यात नव्हे, ऐकण्यात. माझं वाक्य संपायच्या आत तिला कळलेलं असायचं. मी मुद्दाम भरभर बोलायची, दोन सूचना एकात गुंतवायची, आवाज खाली आणायची. ती चुकायची नाही. तिसरीत ती बोलायला लागली, आणि चौथीत मी रोज दहा मिनिटं वर्ग तिच्या ताब्यात द्यायची. ती माझ्यासारखी टाळी वाजवायची, माझ्यासारखी मान तिरकी करायची आणि माझ्यासारखीच वैतागायची. पोरं हसून लोळायची. मीही हसायची, पण आतून मला भरून यायचं.

चौथीनंतर आमच्या वाडीतल्या मुलींचं काय होतं ते मला माहीत होतं. पाचवी खालच्या गावात. रस्ता लांब, पावसात ओढा आडवा, आणि घरी धाकटी भावंडं. मुलगे जातात, अर्धेमुर्धे टिकतात. मुली एक पावसाळा जातात आणि मग जात नाहीत. मी ठरवलं होतं, ही जाणार. हिला मी पाचवीत बसवणार, दहावीपर्यंत ढकलणार, आणि मग बघू. वाडीतल्या एका तरी पोरीने माझ्यासमोर ते करून दाखवावं एवढं मला हवं होतं. माझ्या सगळ्या नोकरीतून मला दुसरं काही नको होतं.

तिचा बाप बंगल्यावर माळीकाम करायचा. त्याला शाळेत बोलावून घेतलं. तो चप्पल दाराबाहेर काढून उभा राहिला. मी खुर्ची दिली तरी बसेना.

“पोरीला पाचवीत घालायची,” मी म्हटलं. “घरी ठेवायची नाही.”

“बाई, तुमी म्हनता तर धाडतो,” तो म्हणाला. “धाडतो म्हंजी धाडतो. ती बी लय मागं लागलीया.”

तो खोटं बोलत नव्हता. हे मला आजही वाटतं.

त्या हिवाळ्यात तो कामाला होता त्या बंगल्याच्या मालकीणबाईंनी शाळेला दप्तरं द्यायचं ठरवलं. आमच्याकडे ही रीतच आहे. बंगलेवाले एकदा कधीतरी येतात, वह्या किंवा दप्तरं वाटतात, फोटो काढतात. आम्ही गुलाबाचं फूल आणि नारळ देतो, पोरं स्वागतगीत म्हणतात. मुख्याध्यापक म्हणाले, यंदा स्वागतगीत नको, तुमचा इंग्रजीचा कार्यक्रम ठेवा, पाहुण्यांना बरं वाटेल. मी आधी नको म्हटलं. मग रात्री घरी बसून कार्यक्रमाचा क्रम लावला, आणि त्या मुलीला सगळ्यात पुढे उभं करायचं ठरवलं.

बाई चांगल्या होत्या. हे लिहायला मला त्रास होतो, पण होत्या. पोरांच्या शेंबडाला नाक न मुरडता खाली सतरंजीवर बसल्या. सोबत त्यांचा लहान मुलगा होता, नुकता बोलायला लागलेला; त्याच्यासाठी त्या बंगल्यावरच राहायला आल्या होत्या. आमचा उपक्रम सुरू झाला. पोरं उठली, बसली, भिंती शिवून आली. बाई टाळ्या वाजवत होत्या. मग त्या म्हणाल्या, “मी सांगून बघू का?”

मी म्हटलं, अवश्य.

त्यांचं इंग्रजी माझ्यासारखं नव्हतं. भरभर, गिळलेलं, खऱ्या माणसांचं. पोरं गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. ती मुलगी बघत नव्हती. ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती. बाई म्हणाल्या, ती लाल बॅग आण, टेबलावर ठेव, नाही, तिथे नको, खुर्चीवर, आणि दार लावून घे, आवाज न करता. हे सगळं एका दमात, इंग्रजीत. मुलीने बॅग आणली, टेबलाकडे वळली, थांबली, खुर्चीवर ठेवली. मग दाराकडे गेली आणि कडी हाताने धरून दार इतकं हळू लावलं की काहीच ऐकू आलं नाही.

बाईंनी “वा!” म्हटलं. कोपऱ्यात उभा असलेला बाप मान खाली घालून हसला. पण त्या खोलीत सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. हात लाल होईपर्यंत.

मे महिन्यात बाईंची मुलगा सांभाळणारी मावशी गावी निघून गेली. त्यांनी बापाला विचारलं, सुट्टीपुरती मुलीला पाठवशील का, मुलाशी खेळेल. सुट्टीपुरतीच. मला हे जूनमध्ये कळलं, ती पाचवीच्या वर्गात नाही हे खालच्या गावच्या गुरुजींनी फोन करून सांगितलं तेव्हा. दाखला मी स्वतः नेऊन दिला होता, नाव पटावर होतं, फक्त मुलगी नव्हती.

मी तडक बंगल्यावर गेले. बाईंनी मला आत बसवलं, चहा मागवला. त्या म्हणाल्या, ती आमच्या घरच्यासारखी आहे, खाणंपिणं आमच्यासोबत, आणि इथे रोज इंग्रजी कानावर पडतं, शाळेत इतकं कुठे मिळणार? पुढे बाहेरून परीक्षा देईल, मी लक्ष घालीन. त्यांचं बोलणं इतकं गोड होतं की मला भांडण उकरून काढायला जागाच सापडेना. माझं तोंड एरवी कुणाला ऐकत नाही. तिथे मी चहाची कपबशी धरून बसले.

मुलगी व्हरांड्यात त्या मुलाला भरवत होती. अंगावर चांगला फ्रॉक होता, केस नीट विंचरलेले. तिने मला अजून पाहिलं नव्हतं. तिने टाळी वाजवली, मान तिरकी केली आणि म्हणाली, “कम हिअर. सिट डाउन. ओपन युवर माउथ.” मुलगा आला, बसला, तोंड उघडलं. ती ‘व्हेरी गुड’ म्हणाली, अगदी माझ्या आवाजात. मला पाहिल्यावर ती धावत आली आणि विचारू लागली की बाई, ह्याला रंग शिकवायचे तर कार्डं कशी करू? लग्नपत्रिका हितं मिळत न्हाईत.

मी तिला सांगितलं कशी करायची ते. दुसरं काय सांगणार होते?

बाप मला फाटकापर्यंत सोडायला आला. मी त्याला म्हटलं, हे कायद्यात बसत नाही, मी वर कळवीन. त्याने हात जोडले. “बाई, तसलं काय करू नगा. माझं बी काम जाईल, तिचं बी जाईल. अन् पोरगी सुखात हाये, बघितली न्हवं तुमी?” मग म्हणाला, “तुमच्यामुळंच झालं समदं. तुमी शिकवलं म्हून म्याडमनी घेतली.”

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी त्याला चांगलंच सुनावलं असतं. तो मनापासून आभार मानत होता, आणि झाडाचे चार पेरू पिशवीत घालून माझ्या हातात देत होता.

मी वर कळवलं नाही. कळवलं असतं तर चौकशीला माणसं आली असती, त्या दिवशी पोरगी घरी असती, आणि बाप कामावरून गेला असता. मी भित्री आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे. त्यानंतर चारपाच वेळा मी त्याच्या घरी गेले. दर वेळी तो म्हणाला, दिवाळीनंतर बघू, मग म्हणाला, पुढच्या जूनला बघू. पुढचा जून आला आणि गेला. आता मी विचारत नाही आणि तोही माझ्या वाटेत येत नाही.

शाळेचं मात्र बरं चाललंय. आधी मी घरोघर फिरून पोरं गोळा करायची, कुणाची आई म्हणायची रानात गेलीय, कुणाची म्हणायची ताप आलाय. आता पोरी वेळेवर येतात, केसांना तेल लावून येतात. यंदाच्या पालकसभेला पहिल्यांदाच आयांनी खोली भरली. शिक्षण खात्याचे साहेब भेटीला आले होते, ते म्हणाले की वाडीवस्तीवर शिक्षणाची एवढी ओढ त्यांनी दुसरीकडे पाहिली नाही. माझा उपक्रम ते इतर शाळांना दाखवणार आहेत. मी मान डोलावली.

सभा संपल्यावर एक आई मागे थांबली. पदराआड तिची पहिलीतली मुलगी होती, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत. आईने तिला पुढे ढकललं.

“बाई, हिला बी तसंच शिकवा. त्या माळ्याच्या पोरीवानी.”

मी म्हटलं, “अजून लहान आहे ती.”

“लहानच घेत्यात,” ती म्हणाली. “दिवाळीपतुर येईल का हिला? दिवाळीला बंगलं भरत्यात.”

मी मुलीकडे पाहिलं. ती आता जमीन उकरायची थांबली होती आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती, मी काय म्हणते ते पकडायला. हुशार आहे पोरगी.

“येईल,” मी म्हटलं.