बोलणाऱ्याच्या तोंडावर एक दिवा

मोंजिया तराकी एकेचाळिसाव्या वर्षी बहिरी झाली. मेंदूज्वराने तीन आठवडे स्फाक्स शहरातल्या इस्पितळात पडून होती. घरी आली तेव्हा ताप गेला होता, आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला होता.

नोकरी सुटली नाही. ऑलिव्हच्या तेलातली आम्लता मोजायला कान लागत नाहीत. प्रयोगशाळेतली माणसं तिच्यासमोर येऊन सावकाश बोलत, आणि ती ओठ वाचायला शिकली. घरी ती एकटीच. बहीण फ्रान्सला, आई केव्हाच गेलेली. दिवस जात होते.

जड जायचे ते फेब्रुवारीतले दोन दिवस. तेलाचा हंगाम संपत आला की सूस शहरातल्या एका हॉटेलात देशभरचे तेल-रसायनतज्ज्ञ जमत. हॉल तळघरात. पडद्यावरचं दिसावं म्हणून दिवे मालवले जात, आणि बोलणाऱ्याचं तोंडही अंधारात जाई. दिसलं तरी वक्ता अर्धं वाक्य फ्रेंचमध्ये आणि अर्धं अरबीत बोले. ओठ मध्येच भाषा बदलत आणि तिचा धागा तुटे. आधी शेजारी प्रयोगशाळेतला जुना सहकारी सी लमीन असायचा ('सी' म्हणजे तिकडचं 'श्रीयुत'). तो वहीवर मुद्दे लिहून तिच्याकडे सरकवी, मधूनच वक्त्याच्या कोटाबद्दल काहीतरी आगाऊही लिही. तो वारल्यावर तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली.

चहाच्या वेळी तर विचारूच नका. माणसं घोळक्याने उभी राहत, शब्द सगळीकडून येत, आणि मान वळवीपर्यंत तो माणूस बोलून मोकळा झालेला असे. मग ती बशीत खजूर भरलेल्या मकरूद वड्या दोन घेऊन खिडकीपाशी उभी राही. लोक लांबून हात करत. तीही करी.

चौथ्या वर्षी तिने परिषदेचे सचिव सी हातिम यांना पत्र लिहिलं. मागणी एवढीच होती, की बोलणाऱ्याच्या तोंडावर एक दिवा ठेवा आणि जे बोललं जाईल ते कुणीतरी टंकून पडद्यावर दाखवा. हातिमने तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. तिला दिसावं म्हणून त्याने स्वतःची खुर्ची उजेडाकडे वळवली आणि म्हणाला, "लेल्ला मोंजिया, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण एका माणसासाठी एवढा खटाटोप कोण करणार?"

ती घरी आली. ते 'एका माणसासाठी' मात्र तिच्या मनातून जाईना. मग तिने परिषदेच्या जुन्या हजेरीयाद्या मागवल्या आणि रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एकेक नाव ताडून पाहू लागली. पूर्वी येत होती आणि आता येत नाहीत अशी चाळीस माणसं निघाली. तिने चाळीस पत्रं धाडली: आपण का येत नाही?

अकरा उत्तरं आली. गाबेसची नज्वा निळ्या पेल्यांतून तेल चाखून दर्जा ठरवायची, नाव कमावलेली बाई. चाकाच्या खुर्चीत बसते. तिने लिहिलं होतं, "तीन वर्षं दोन वेटरांनी मला मेजवानीच्या परातीसारखी उचलून जिन्याने खाली नेली. चौथ्या वर्षी म्हटलं, पुरे झालं." एकीने दोन दिवस मोटारीत बसून बाळाला पाजलं होतं. एकजण बोलताना अडखळायचा. प्रश्नाला अर्धा मिनिट, आणि त्याचं नाव सांगून होईपर्यंतच वेळ संपे.

ती सगळी पत्रं तिने हातिमच्या टेबलावर ठेवली. "हा तुमचा एक माणूस," ती म्हणाली. आपला आवाज मोठा झाला की लहान, तिला कळलं नाही. हातिमने अकराही पत्रं वाचली. शेवटचं वाचून झाल्यावर त्याने ती परत न देता परिषदेच्या फायलीत लावली.

पुढच्या वर्षी हॉल तळमजल्यावर आला. वक्त्याच्या तोंडावर दिवा होता. कोर्टात न्यायाधीशांचं बोलणं टंकून घेणारी राऊधा नावाची मुलगी आणली होती. तिची बोटं चालत आणि शब्द पडद्यावर उमटत. मोंजियाने पाच वर्षांत पहिल्यांदा अख्खं भाषण ऐकलं, म्हणजे वाचलं. ते बरंच कंटाळवाणं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते मात्र थांबेना.

अकरांपैकी दोघंच आले. अडखळणारा आला आणि लेखी प्रश्न देऊन गेला. बाळवाली आली, पण तिचं बाळ आता शाळेत जात होतं. नज्वाने कळवलं, शुभेच्छा, पण आता मन उडालं.

चहाला घोळके तसेच. मोंजिया खिडकीपाशी गेली. तेवढ्यात निवृत्त प्राध्यापक सी बशीर तिच्यासमोर येऊन उभे राहिले. हा माणूस कित्येक वर्षं तिच्या सलामाला उत्तर देत नसे. शिष्ट म्हणून तिने त्यांचा नाद सोडला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी स्पष्ट ओठांनी म्हणाले, "पोरी, मला सहा वर्षं काही ऐकू येत नाही. आज पडद्यावर वाचलं. कुणाला सांगू नकोस हं."

"मग एवढी वर्षं काय करत होतात?"

"सगळे हसले की हसतो. मान डोलावतो. जमतं."

ती म्हणाली, बसा ना इथे, आपण लिहून बोलू. तिने पर्समधून वहीसुद्धा काढली. पण कुणीतरी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते वळून घोळक्यात गेले. तिथे कुणी विनोद सांगितला असावा. सगळे हसले, सी बशीर पाव क्षण उशिरा हसले. तो उशीर त्या हॉलमध्ये फक्त मोंजियालाच दिसला.

राऊधाला पुढची तीन वर्षंही बोलावलं गेलं. सी बशीर दरवेळी पहिल्या रांगेत, पडद्यासमोर बसत. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मोंजियानेही नाही. जाता-येता तिला ते मान तुकवून सलाम करत, एवढंच.