दळवीकाकांच्या डायरीतलं विरजण

इस्टेट एजंटकडे घरं कमी आणि किस्से जास्त असतात. घर एकदा गेलं की गेलं, किस्सा मात्र आपल्याकडेच राहतो. मला या धंद्यात येऊन फार दिवस झालेले नाहीत, तरी चहा घेता घेता सांगायला बसले की चहा संपतो, किस्से संपत नाहीत.

मी आले तीच मुळी चव्वेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी बावीस वर्षं एका औषध कंपनीत पॅकिंग सुपरवायझर होते. कंपनी मुंबईबाहेर गेली, मी गेले नाही. नवरा म्हणाला, "पाडव्याला सुरू करतेयस ना? दसऱ्यापर्यंत स्वतःचं एक तरी डील करून दाखव. नाहीतर माझ्या साहेबांच्या ओळखीने गुपचूप नोकरी धर." मीही तावातावाने "चालेल" म्हणून बसले!

गुरू मिळाले भोईवाड्यातले दळवीकाका. वय सत्तरीच्या पुढे, एकेकाळचे गिरणी कामगार. ऑफिस म्हणजे दोन खुर्च्या, एक गणपती आणि एक फुगलेली डायरी.

*

पहिल्याच दिवशी काकांनी मला परळचा एक रिकामा फ्लॅट बघून यायला सांगितलं. मी टेप घेऊन गेले, कोपरान् कोपरा मोजला, फोटो काढले, वहीत नकाशासुद्धा काढला. बावीस वर्षांची सुपरवायझर मी, उगाच नाही!

काकांनी वही बाजूला ठेवली. "पाणी किती वाजता येतं?"

"विचारलं नाही."

"गच्चीची चावी कोणाकडे असते?"

"...नाही माहीत."

"जिन्यात कपाट वळतं काय?"

मी वही पुन्हा पुढ्यात ओढली. नकाशात जिना नव्हताच.

"म्हणजे तू घर बघितलंच नाहीस," काका म्हणाले. "जा, चप्पल काढू नको. परत जाऊन ये."

*

मी यूट्यूबवरून शिकले होते की आधी चांगलं सांगायचं. स्पेशियस, एअरी, प्राइम लोकेशन वगैरे! काकांचं सगळंच उलटं. एका जोडप्याला नायगावची जागा दाखवताना दारातच म्हणाले, "हे बघा, दुपारी ऊन आत येतं. लिफ्ट महिन्यातून दोनदा रुसते. आणि वरच्या मजल्यावर तबल्याचा क्लास आहे, रोज दोन तास."

मी कपाळाला हात लावला. गेलं गिऱ्हाईक!

बाई म्हणाल्या, "तबला? लहान मुलांना घेतात का हो?"

घर त्यांनी न बघताच पसंत केलं. काकांनी मात्र हट्टाने दोन्ही खोल्या बघायला लावल्या.

*

आता माझी फजिती. घोडपदेवच्या एक आजी होत्या, मालवणकडच्या. चाळ रिकामी करायची होती आणि एकटीसाठी भाड्याचं घर हवं होतं. मी त्यांना लालबागच्या एका टॉवरमध्ये घेऊन गेले. अठरावा मजला, गुळगुळीत फरशी, वारा असा की पदर सांभाळावा लागावा. आजी खूश दिसत होत्या. मला वाटलं, झालं आपलं पहिलं डील! म्हणून शेवटचा हुकमाचा पत्ता टाकला, "आणि आजी, शेजाऱ्यांचा काहीच त्रास नाही. सगळ्यांची दारं कायम बंद असतात."

आजींचा चेहरा उतरला. "दारां बंद? आमच्या चाळीत दार बंद म्हणजे माणूस आजारी, नायतर गावाक गेलेलो. आणि विरजण मागूक मी कोणाचा दार वाजवू?"

आल्या तशा लिफ्टने खाली गेल्या.

मी ऑफिसात येऊन रडकुंडीला आले. काकांनी सगळं ऐकून डायरी उघडली आणि लिहिलं : 'आजी, घोडपदेव. एक खोली, किचन. विरजण.'

"विरजण लिहायचं असतं का काका?"

"तेच आधी लिहायचं असतं. पाणी काय, नळ पण देतो. विरजणाला शेजारी लागतो."

*

काकांना रागावलेलं मी एकदाच पाहिलं. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या सुजाताताई, नर्स. चाळ पाडून तिथे नवं घर मिळेपर्यंत त्यांना भाड्याने जागा हवी होती. काकांनी एका घरमालकाला फोन लावला.

"माणसं कोण आहेत?" मालकाने विचारलं. फोन स्पीकरवर होता आणि सुजाताताई समोर बसलेल्या.

"चार. दोन मोठी, दोन लहान."

"तसं नाही, आडनाव काय?"

"माझं दळवी."

"अहो तुमचं नाही, त्यांचं! म्हणजे कुठल्या लोकांपैकी..."

"कळलं," काका म्हणाले, "तुम्हाला भाडेकरू नकोय." फोन ठेवला, डायरीतलं ते पानच फाडलं. त्या पानावर त्याच मालकाची आणखी तीन घरं होती!

चौथ्या दिवशी काकांनी सुजाताताईंना भोईवाड्यात, ऑफिसच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये घर मिळवून दिलं. असा माणूस गुरू मिळाला, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. आजही वाटतो.

*

दसरा दोन दिवसांवर आला. माझ्या नावावर डील शून्य. काका मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घरी पडलेले. आणि सुजाताताईंच्या समोरचं घर रिकामं झालं.

मी आजींना घेऊन गेले. पाण्याची वेळ सांगितली, जिना दाखवला, दुपारचं ऊन आणि गळका नळही सांगून टाकला. आजींनी नळ सोडून बघितला, बंद केला. बाहेर आल्या आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी समोरची बेल वाजवली.

सुजाताताई युनिफॉर्ममध्ये, ड्यूटीवर निघायच्या घाईत.

"बाय, वायच विरजण आसा काय?"

ही बाई कोण, कुठली, काही न विचारता सुजाताताई आत गेल्या आणि स्टीलच्या वाटीत विरजण घेऊन आल्या. आजींनी वाटी दोन्ही हातांत धरली, टॅक्सीत बसल्या आणि घोडपदेवला निघून गेल्या. हो नाही की नाही नाही!

मी काकांना फोन केला. "काका, आजी काहीच न बोलता गेल्या. नुसती वाटी घेऊन."

"वाटी कोणाची?"

"सुजाताताईंची."

"मग आज जेवून स्वस्थ झोप," म्हणाले आणि फोन ठेवला.

कसली झोप! सकाळी सातला फोन वाजला. आजी.

"दही घट्ट लागला गो! दसऱ्याक चावी देतंस मा?"