शर्यत आणि अक्काचं भरीत

आमच्या जळगावच्या कचेरीतला हा धुळ्याचा कारकून लांब पल्ल्याच्या शर्यती पळायचा, पण बोलायचा मात्र पोटाविषयीच. "पाय त बठ्ठासले ऱ्हातस, पोट सांभायनं पडस," पाय काय सगळ्यांनाच असतात, पोट सांभाळावं लागतं, असं तो साहेबांनाही ऐकवायचा. शर्यतीआधी दोन दिवस दहीभाताशिवाय कशाला हात लावत नसे. आदल्या दिवशी सायकलवरून सगळा रस्ता बघून यायचा, तोही चढ-उतारांसाठी नव्हे, तर दाट पिकाचा आडोसा आणि जवळची विहीर हेरून ठेवायला.

फैजपूरच्या सव्वीस मैलांच्या शर्यतीला आम्ही माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे उतरलो. पाहुणा आला म्हणून तिनं रात्री तिखटजाळ भरीत केलं. यानं एकदा डोळे मिटले आणि दोनदा वाढून घेतलं.

सकाळी तो सगळ्यांच्या पुढे होता. बाराव्या मैलाला मात्र गडी तडक केळीच्या बागेत शिरला. मी सायकल धरून बाहेर उभा. सात जण पुढे निघून गेले, तरी बागेतून कोणी येईना.

दुपारी अक्कानं विचारलं, "काय झालं हो, भाऊ?"

"पायमा गोया उना, अक्का," पायात गोळा आल्यासारखी पोटरी चोळत तो पाटावर बसला. "रातनं भरीत उरेल शे का?"