व्हर्डेलचे जाड बाण

पुन्हा मोडला. व्हर्डेल टॅकेटने पोत्याजवळ जाऊन बाणाचे दोन्ही तुकडे उचलले, बोटांत फिरवून पाहिले आणि कुंपणाकडे भिरकावून दिले. तिथे आधीच्या तुकड्यांचा बऱ्यापैकी ढीग साठला होता. वाळूच्या पोत्यावर त्याने रानडुकराच्या खांद्यावरचं कातडं बांधलं होतं, बोटभर जाड आणि ढालीसारखं चिवट. ते कातडं एरवी फ्रीजरमध्ये ओपलच्या वाटाण्यांच्या पिशव्यांखाली असायचं, आणि त्यावरून नवराबायकोचं रोज वाजायचं.

"काठी बारीक पडतेय," तो पुटपुटला. "अजून जाड करायला पाहिजे."

आता ह्या माणसाला काय म्हणावं? गेले कित्येक महिने तो दर खेपेला काठी जाड करत होता. बाण कसले, कुदळीचे दांडे व्हायचेच बाकी राहिले होते. तरी प्रत्येक बाण शेपूट हलवत, तिरका होऊन जायचा, कातड्यावर आडवा आदळायचा आणि मोडायचा.

तसा व्हर्डेल लाकडात जन्म घालवलेला माणूस. नेचेस नदीकाठच्या लाकूडगिरणीत त्याने उभी हयात करवतीवर काढली. लाकडाच्या वासावरून झाड सांगायचा. ऐन जवानीत कुंपणाच्या बोडार्क नावाच्या चिवट लाकडाच्या खांबातून त्याने आपलं धनुष्य तासलं. ते ओढायला गेले की गिरणीतले दांडगे गडी रडकुंडीला यायचे, आणि व्हर्डेल बाजूला उभा राहून तंबाखू चघळत मजा बघायचा. ओपलला मागणी घालायला गेला तेव्हाही ते धनुष्य खांद्याला होतं. तिच्या वडिलांनी तिला आत बोलावून विचारलं होतं, "हा लग्नाला आलाय की शिकारीला?"

बाणही त्याचे स्वतःचेच. हिकरीच्या टणक लाकडाची फळी चिरायची, रंध्याने गोल करायची, मागे टर्कीची पिसं, पुढे जड पोलादी पातं. पात्याच्या मागे ओल्या तातीचा, म्हणजे जनावराच्या शिरेच्या दोऱ्याचा, घट्ट वेढा, म्हणजे काठी तिथे फाटत नाही. वेढ्याचा दुसराही उपयोग होता. दोरी पूर्ण ओढली की डाव्या हाताच्या बोटाला तात लागायची. तात लागली की सोडायचं. डोळे डुकरावरून हलवायचं कामच नाही.

आणि हिकरी तरी कुठे सरळ स्वभावाची? संध्याकाळी शेगडीवर धरून, तळव्याने दाबून सुतासारखी सरळ करावी, तर सकाळी दमट हवेने बाईसाहेब पुन्हा वाकड्या. व्हर्डेल रोज उठून आधी हिकरीला शिव्या घालायचा आणि मग कॉफी घ्यायचा.

एवढा जिवाचा आटापिटा एका डुकरासाठी होता. एक कान फाटलेला, रेड्याएवढा नर. त्याने गेल्या हिवाळ्यात ओपलचं रताळ्यांचं वावर नांगरल्यासारखं उलथून टाकलं. व्हर्डेल दबा धरून बसला, जवळून बाण सोडला, आणि बाण डुकराच्या खांद्यावर आडवा बसून कटकन मोडला. डुक्कर खवळून त्याच्याच अंगावर आलं. मध्ये पडला तो बझर, त्याचा कुत्रा. सुळ्याने त्याचं पोट फाडलं. व्हर्डेलने त्याला जॅकेटात गुंडाळून घराकडे आणलं, पण दारापर्यंत पोचायच्या आत तो गेला.

पीकॅनच्या झाडाखाली त्याला पुरताना व्हर्डेल म्हणाला होता, "त्या बाणाने मारलं रे तुला." तेव्हापासून त्याला एकच ध्यास. न मोडणारा बाण करायचा आणि त्याच बाणाने फाटक्या कानाला लोळवायचं. शेजारचा रस्टन दर आठवड्याला येऊन डिवचायचा. "मिस्टर व्हर्डेल, माझी बंदूक घ्या की. डुक्कर म्हातारपणाने मरायची वाट बघताय का?"

"तुझी बंदूक तुझ्या उशाशी ठेव," व्हर्डेल म्हणायचा आणि आणखी जाड काठी तासायला घ्यायचा.

त्या दिवशी ओपल जेवायला बोलवायला आली आणि नेमकी त्याच्या बाजूला उभी राहिली. त्याने नवा, सगळ्यांत जाड बाण लावला, ओढला, सोडला. बाण वळवळत गेला आणि मोडला.

"ह्या लाकडाला आग लागो," तो म्हणाला. "झाडंच भिकार यायला लागलीत हल्ली."

"झाडांना कशाला बोल लावतोस?" ओपल म्हणाली. "तात कुठे होती?"

"कुठे म्हणजे?"

"तुझ्या बोटापासून चार बोटं पुढे. तुझा खांदा येत नाही मागे, व्हर्डेल. तू पुरतं ओढतच नाहीस. धनुष्य ढकलतंय अर्धवट, आणि तू त्याला आणखी ताठ काठ्या देतोयस. त्या सरळ जातील कशा?"

व्हर्डेलचं तोंड लाल झालं. "मला शिकवतेस? मी हे धनुष्य ओढायला लागलो तेव्हा तू शाळेत होतीस."

"मग ओढ. मी बघते."

त्याने ओढलं. दात आवळले, मान ताठ केली. बोट तात शोधत राहिलं आणि बोटाला नुसतं लाकूड लागत राहिलं. त्याने हळूच दोरी सैल सोडली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"दोन वर्षं तरी झाली."

त्याला हिशेब करायला वेळ लागला नाही. "म्हणजे बझरच्या वेळीसुद्धा."

ओपलने हातातल्या फडक्याची घडी घातली. "हो."

"आणि तू गप्प बसलीस?"

"बोलले असते तर ऐकलं असतंस? आणि त्याला पुरल्यावर बोलायला माझी जीभ रेटली नाही."

तो जेवला नाही. शेडमध्ये जाऊन त्याने धनुष्य शिकंज्यात धरलं आणि ओढायला हलकं व्हावं म्हणून धारेचा पत्रा घेऊन आतल्या अंगाने ते खरवडायला लागला. एकदा खरवडलेलं लाकूड परत चढत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पिवळ्या भुशात ती सगळी जवानी खाली पडत होती आणि त्याच्या मनात नुसती चडफड होती, स्वतःवरच. थोडं खरवडायचं, ओढून बघायचं, पुन्हा खरवडायचं. शेवटी बोटाला तात लागली. मग जाड करत आणलेल्या काठ्यांमधली एक घेऊन तो ती पुन्हा बारीक करत बसला.

फाटका कान रताळी खणायच्या दिवसांत परत आला. उन्हं कलली होती. व्हर्डेलने ओढलं, तात लागली, सोडलं. डुक्कर ओढ्यापर्यंत धावलं आणि कोसळलं.

ओपल धावत आली तेव्हा तो वावराच्या पलीकडे चिखलात वाकला होता. बाण डुकराच्या आरपार जाऊन तिथे रुतला होता. त्याने तो उपसला, पँटला पुसला आणि डोळ्यांसमोर धरून टोकापासून खाचेपर्यंत पाहिला. कुठे चीर नाही, वाक नाही.

"मोडला का?" ओपलने विचारलं.

"नाही," व्हर्डेल म्हणाला. "बाणाला काही झालेलं नाही. दोष बाणाचा कधीच नव्हता."

आणि तो तिथेच चिखलात खाली बसला.