अहवालातलं दुसरं वाक्य

लंडनमध्ये, म्हणजे आमच्या ऑन्टारिओतल्या लंडनमध्ये, मी एका कॉलेजात वेल्डिंग शिकवत होतो. मंदीनंतरची ती वर्षं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने एकामागून एक बंद होत होते, आणि शाळेतल्या मुलांना मात्र कॉलेजात येऊन हातचं काम शिकायची सोय झाली होती. अकरावी-बारावीची मुलं आठवड्यातून दोनदा पिवळ्या बसने आमच्या वर्कशॉपमध्ये यायची. सेमिस्टर पुरं केलं की शाळेचं क्रेडिट मिळायचं आणि कॉलेजचंही.

त्या हिवाळ्यात बारा जण होते, त्यांत एक मराठी मुलगी. वडील पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले. मुलीला इंजिनिअरिंगला जायचं होतं, कॉलेजचं क्रेडिट गाठीशी असलेलं बरं, म्हणून त्यांनी हो म्हटलं होतं. माझं मराठी तिला कळायचं, उत्तर ती इंग्रजीत द्यायची. हात मात्र इतका स्थिर, की पहिल्याच आठवड्यात तिने केलेला जोड मी उजेडात नेऊन पुन्हा पाहिला.

आमच्याकडे प्रत्येक जण वेगळ्या कप्प्यात वेल्डिंग करतो. कप्प्याला जाड नारिंगी पडदा असतो, आतला प्रकाश बाहेरच्यांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. एका गुरुवारी सकाळी चौथ्या कप्प्याच्या पडद्याचा हूक तुटलेला मला दिसला. पडदा एका बाजूने लोंबत होता. बर्फामुळे बस उशिरा आली होती, मुलं कोट काढून तयार उभी होती. तास संपल्यावर लावू, असं मनाशी म्हणून मी पुढे गेलो.

ती मराठी मुलगी त्या कप्प्यासमोरच्या टेबलापाशी लोखंड घासत होती. डोळ्यांवर साधा पारदर्शक चष्मा. चौथ्या कप्प्यात वेल्डिंग चालू होतं, तासभर तरी.

शुक्रवारी सकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं, म्हणून ते तिला इमर्जन्सीत घेऊन गेले होते. वेल्डिंगच्या प्रकाशाने डोळे भाजलेत, दोन-तीन दिवसांत बरे होतील, असं डॉक्टर म्हणाले होते.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "पडदा तुटलेला होता."

ते म्हणाले, "होतं हो असं. फक्त ते रिपोर्ट वगैरे करू नका. कोर्स बंद पडला तर तिचं क्रेडिट जाईल. तुम्ही आपले म्हणून बोलतोय."

मी विचार करतो म्हणालो आणि फोन ठेवला. विचार फार करावा लागला नाही. अहवालात मी दोनच वाक्यं लिहिली. चौथ्या कप्प्याच्या पडद्याचा हूक तुटलेला होता. तो मला सकाळी दिसला होता, तरी मी तास चालू ठेवला.

आमच्या विभागप्रमुख बाई भल्या होत्या. कागद वाचून त्या म्हणाल्या, "दुसरं वाक्य लागतंच असं नाही."

"लागतं," मी म्हणालो.

तीन आठवडे वर्ग बंद राहिला. मला लेखी ताकीद मिळाली. दोन मुलं परत आलीच नाहीत. त्यांतल्या एकाला शाळा पुरी करायला हे एकच क्रेडिट कमी पडत होतं, असं मला नंतर कळलं. ते अजून टोचतं. तिच्या वडिलांनी पुन्हा फोन केला नाही. ती आली, पण माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

शेवटच्या आठवड्यात बाकीचे बसकडे गेल्यावर ती मागे थांबली. अहवालाची प्रत तिच्या घरी गेली होती, तिने ती वाचली होती.

"ते वाक्य मी लिहिलं नसतं," ती इंग्रजीत म्हणाली. "कुणाला कळलंही नसतं."

मग मी तिला नागपूरचं सांगितलं. तोवर ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. आयटीआय करून मी एका कारखान्यात लागलो होतो, एकोणीस वर्षांचा. ज्या मिस्त्रींनी मला काम शिकवलं, त्यांचा उजवा हात गॅसची नळी फुटून भाजला. कामावर हातमोजे दिलेलेच नव्हते. साहेबांनी कागद पुढे केला: हातमोजे दिले होते, मिस्त्रींनी घातले नाहीत. साक्षीदार म्हणून मी सही केली. नोकरी नवी होती. मिस्त्रींना कामावरून काढलं. मी त्यांच्या घरी कधी गेलो नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. "ते आहेत अजून?"

"माहीत नाही."

"तुम्ही शोधलं नाही?"

मी नाही म्हणालो. तिने हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि बसकडे गेली. परीक्षेत तिचा जोड वाकवून पाहिला तेव्हा त्याला कुठेही चीर गेली नाही. पुढे ती वॉटर्लूला इंजिनिअरिंगला गेली, एवढंच मला ठाऊक आहे.

त्या उन्हाळ्यात मी नागपुरातल्या जुन्या सोबत्यांना फोन करत राहिलो. शेवटी एक नंबर मिळाला. मिस्त्रींच्या मुलीने फोन उचलला. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. मी कोण ते सांगितलं आणि सहीचंही सांगितलं. फोनमध्ये मागे कुकरची शिट्टी झाली.

"बाबांना माहीत होतं," ती म्हणाली. "तो कागद त्यांना दाखवला होता. पोरगं घाबरलं असेल, म्हणायचे."

मग तिनेच विचारलं, "दादा, तिकडे थंडी फार असते का हो?"

मी म्हणालो, "हो. फार असते."